शेवटच्या दिवसांत घरी सलाईन, ऑक्सिजन लावावा का? पेशंटच्या घरी जाऊन झालेल्या चाचण्या काय सांगतात

मोठ्या दवाखान्यातून "आता घरी न्या, सेवा करा" असं सांगून कॅन्सरचा पेशंट गावाकडं परत आला, की दोन-तीन दिवसांत घराच्या भिंतीला एक खिळा ठोकला जातो. त्या खिळ्याला सलाईनची बाटली लटकते. पेशंट जेवत नाही, पाणी दोन घोटांच्या वर घेत नाही, दिवसभर झोपून असतो. बघायला येणारे पाव्हणे बाहेर ओट्यावर बसून एकच म्हणतात, "काही नाही तर निदान ताकदीची सलाईन तरी लावा." मुलाला वाटतं, नाही लावली तर भावकी म्हणेल बापाला उपाशी मारला. मग तालुक्यावरून डॉक्टर येतात किंवा कंपाउंडर येतो, शीर सापडेपर्यंत तीन-चार ठिकाणी सुई टोचली जाते, आणि बाटली सुरू होते. दुसऱ्या दिवशी परत.

हे चूक आहे की बरोबर, यावर गावात वाद घालून उत्तर मिळणार नाही. पण शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर पेशंटला सलाईन दिल्यानं खरंच आराम मिळतो का, हे तपासायची रीतसर चाचणी झालेली आहे. ती अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात झाली. तिथल्या एम. डी. अँडरसन या कॅन्सर रुग्णालयातले डॉ. एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले.

आधी बाटलीत काय असतं ते बघू

गावात 'ताकदीची सलाईन' म्हणतात, त्यात ताकद किती असते हा हिशोब कोणी करत नाही. साधी नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा. त्यात अन्न म्हणावं असं काहीच नसतं. दुसरी असते ग्लुकोजची, ५ टक्के डेक्स्ट्रोज. तिच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून साधारण १०० कॅलरी मिळतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून याहून जास्त मिळतात. त्या बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळी बाटली बघून घरच्यांना बरं वाटतं. भाकरीची बरोबरी मात्र त्यानंही होत नाही.

याचा अर्थ सलाईन कामाची नाही असा कोणी काढू नये. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं, ऑपरेशन झालं, केमोनंतर सारख्या उलट्या होतायत, रक्तात कॅल्शियम वाढून पेशंट बरळायला लागला, तर सलाईननं जीव वाचतो. अशा वेळी ती लागतेच. इथं प्रश्न फक्त अशा पेशंटचा आहे, ज्याच्या कॅन्सरवर आता इलाज उरलेला नाही आणि जो काही आठवड्यांचाच सोबती आहे.

चाचणी कशी झाली

शेतकऱ्याला चाचणीची पद्धत वेगळी समजावून सांगायची गरज नाही. नवीन टॉनिक आलं की शहाणा माणूस पूर्ण वावरात मारत नाही. अर्ध्या वावरात मारतो, अर्धं सोडतो. पाऊस सारखाच, माती सारखीच, बियाणं एकच. मग पिकात फरक दिसला तर तो टॉनिकचा. पूर्ण वावरात मारलं आणि पीक चांगलं आलं, तर ते टॉनिकमुळं आलं की पावसामुळं, हे दुकानदाराला विचारून कळत नाही.

ह्यूस्टनमध्ये तेच केलं. सहा हॉस्पिस संस्थांकडचे १२९ कॅन्सर पेशंट घेतले. तिकडं हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांची सेवा, आणि ती बहुतेक वेळा पेशंटच्या घरीच दिली जाते. नर्स घरी येते, औषधं घरी येतात. हे सगळे पेशंट तोंडानं फार कमी पाणी घेत होते आणि त्यांच्या अंगात पाणी थोडं किंवा मध्यम कमी पडल्याची लक्षणं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ६३ जणांना रोज १ लिटर सलाईन, चार तासांत. उरलेल्या ६६ जणांनाही सलाईनच, चारच तास, पण फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला. एवढ्याशा पाण्यानं शरीरात काही फरक पडत नाही.

कोणाला पूर्ण बाटली जातेय आणि कोणाला अर्धा पेला, हे पेशंटला सांगितलेलं नव्हतं. पेशंटची तब्येत बघून नोंद करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. हे महत्त्वाचं आहे. सलाईन लागली की पेशंटचा चेहरा उजळल्यासारखा वाटतो, कारण आपल्याला तसं वाटून घ्यायचं असतं. नोंद करणाऱ्याला माहीत असेल तर त्याच्या हातूनही नकळत एखादा मार्क जास्त जातो.

मोजायचं काय, तेही आधी ठरवलं होतं. थकवा, गुंगी, भास होणं आणि हातापायाला अचानक बसणारे झटके, अशा चार त्रासांना प्रत्येकी शून्य ते दहा मार्क. चारही मिळून जास्तीत जास्त ४०. जितके मार्क जास्त तितका त्रास जास्त. पहिल्या दिवशी मोजलं, चौथ्या दिवशी मोजलं, सातव्या दिवशीही बघितलं.

चौथ्या दिवशी पूर्ण सलाईनवाल्यांचा त्रास सरासरी ३.३ मार्कांनी कमी झाला होता. अर्धा पेलावाल्यांचा २.८ मार्कांनी. ४० पैकी अर्ध्या मार्काचा फरक, म्हणजे फरक नाहीच. वेदना, मळमळ, झोप, भूक, मन लागणं यातही दोन्ही गट सारखे. सातव्या दिवशीही तेच.

या आकड्यांतली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. त्रास दोन्ही गटांत थोडा कमी झाला. म्हणजे अर्धा पेला पाणी घेणाऱ्यालाही बरं वाटलं! आपल्याकडं "सलाईन लावल्यावर दादा दोन शब्द बोलले" असं जे घरोघर ऐकू येतं ते खोटं नसतं. बोललेच असतील. पण ते बाटलीतल्या पाण्यामुळं बोलले, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. रोज कोणी तरी येतं, हात धरून बसतं, काय दुखतंय ते विचारतं, त्याचाही परिणाम असू शकतो. काही त्रास आपोआपही वर-खाली होतात.

मग २१ दिवस आणि १५ दिवस हे काय

पूर्ण सलाईनच्या गटात निम्मे पेशंट २१ दिवसांपर्यंत गेले, दुसऱ्या गटात निम्मे १५ दिवसांपर्यंत. हे वाचून कोणीही म्हणेल, सहा दिवस वाढले की!

पण संशोधकांनी हा फरक धरला नाही, आणि त्याला कारण आहे. एकाच वावराचे दोन तुकडे करा, दोन्हीकडं सगळं सारखंच करा, तरी काढणीला एका तुकड्यात दोन पोती जास्त निघतात. ते नशिबाचं, जमिनीच्या चढ-उताराचं. गणितानं हे तपासता येतं की दिसलेला फरक एवढ्या माणसांत नुसत्या नशिबानंही पडू शकतो का. इथं उत्तर आलं की हो, अगदी सहज पडू शकतो. सगळ्या पेशंटचे सगळे दिवस धरून दोन्ही गट ताडून पाहिले तर आयुष्य वाढल्याचा पुरावा निघाला नाही.

याच डॉक्टरांची २००५ साली आलेली एक छोटी चाचणी होती, ५१ पेशंटची, दोन दिवसांची. तिच्यात सलाईननं गुंगी आणि झटके कमी झाल्याचं दिसलं होतं. म्हणजे त्यांचा स्वतःचा अंदाज सलाईनच्या बाजूचा होता. तरी त्यांनी जास्त पेशंट, जास्त दिवस घेऊन परत मोजलं, आणि उलट निकाल आला तो तसाच छापला. बाजारात एका प्लॉटचा फोटो दाखवून पुडा विकणाऱ्यांच्या काळात हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

जपानमध्येही २००५ साली पोटाच्या कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतल्या २२६ पेशंटच्या नोंदी बघितल्या गेल्या. रोज लिटरभर किंवा त्याहून जास्त सलाईन घेणाऱ्यांत पायावरची सूज, पोटातलं पाणी, छातीतलं पाणी जास्त वाढलेलं दिसलं. या अवस्थेत रक्तातलं प्रोटीन कमी झालेलं असतं. त्यामुळं शिरेत सोडलेलं पाणी शिरेत टिकत नाही, बाहेर झिरपतं. पाय सुजतात, पोट तणतं, छातीत घरघर वाढते. घरच्यांना वाटतं आजार वाढला. कधी कधी त्यात बाटलीचाही हात असतो.

ज्यांच्या अंगात पाणी फारच कमी पडलं होतं असे पेशंट ह्यूस्टनच्या चाचणीत घेतलेले नव्हते. त्यामुळं हा लेख वाचून कोणी आपल्या मनानं चालू सलाईन काढू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं: "ही कशासाठी लावताय? दोन-तीन दिवसांत काय फरक दिसायला पाहिजे? नाही दिसला तर बंद करायची का?" कारण सांगता आलं तर लावावी. शीर सापडत नसेल तर कातडीखाली बारीक सुई लावून सावकाश द्यायचीही पद्धत आहे, त्यात टोचाटोची कमी होते. पण "घरच्यांचं समाधान" एवढंच कारण असेल, तर त्या समाधानासाठी सुजलेल्या हाताला रोज किती भोकं पाडायची, याचा विचार घरात बसून व्हायला पाहिजे.

समाधान ही गोष्ट हलकी नाही, हेही खरं. ह्यूस्टनच्या त्याच चाचणीतल्या पेशंटशी आणि घरच्यांशी बसून सविस्तर बोलणं झालं होतं. त्यातल्या लोकांनी सांगितलं की सलाईन म्हणजे त्यांना आशा वाटते, माणसाची आबाळ होत नाही असं वाटतं. अमेरिकेतला माणूस आणि आपल्याकडचा ओट्यावरचा पाव्हणा यात इथं काही फरक नाही. त्या भावनेला जागा द्यायची तर ती सुईशिवाय कशी देता येईल, ते पुढं बघू.

ऑक्सिजनचं मशीन

करोनापासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नाव गावात सगळ्यांना पाठ झालं. आता ते भाड्यानं मिळतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट धापा टाकायला लागला की पहिला फोन मशीनसाठी जातो.

यावरची मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट होते. सगळ्यांना घरी मशीन दिलं, नाकात नळी, मिनिटाला २ लिटर, रोज निदान १५ तास, सात दिवस. अर्ध्या मशीनमधून ऑक्सिजन येत होता, अर्ध्यांमधून साधी हवा. ओळखू येत नव्हतं. पेशंटनं सकाळ-संध्याकाळ आपल्या धापेला शून्य ते दहा मार्क द्यायचे. सकाळची धाप ऑक्सिजनवाल्यांची ०.९ मार्कानं कमी झाली, साध्या हवेवाल्यांची ०.७ नं. पुन्हा तीच गोष्ट, दोन्हीकडं थोडा आराम, फरक नाही. ज्यांना आराम पडायचा त्यांना तो पहिल्या तीन दिवसांतच पडला.

या चाचणीत कॅन्सरपेक्षा फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचे पेशंट जास्त होते. आणि महत्त्वाचं म्हणजे रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेले पेशंट त्यात नव्हते. बोटाला लावायच्या मशीनवर आकडा खाली जात असेल तर ऑक्सिजन लागतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यावाच. पण आकडा चांगला आहे आणि तरी धाप आहे, अशा पेशंटला भाड्याच्या मशीननं साध्या हवेपेक्षा जास्त काही मिळत नाही. त्यात लाईट गेली की मशीन बंद, आणि मग घरात जो गोंधळ उडतो त्यानं पेशंटची धाप अजून वाढते.

मग धापेला काय करायचं? त्याच २०१० साली इंग्लंडमधल्या केंब्रिज इथं ५० जणांवर एक साधी चाचणी झाली. हातात धरायचा छोटा पंखा. आधी पाच मिनिटं चेहऱ्यावर, मग पाच मिनिटं पायावर, काहींना उलट क्रमानं. चेहऱ्यावर वारा घेतल्यावर धाप कमी वाटली, पायावर घेतल्यावर तशी नाही. नाक-गालाला गार वारा लागला की मेंदूला श्वासाची घाई कमी वाटते. म्हणजे खाट खिडकीजवळ घ्यायची, डोक्याखाली-पाठीखाली उशा देऊन अर्धवट बसतं करायचं, टेबल फॅन चेहऱ्यावर सोडायचा आणि लाईट नसेल तेव्हा सुपानं किंवा पुठ्ठ्यानं वारा घालायचा. खोलीतली गर्दी बाहेर काढायची, हे तर फुकटात होतं, पण तेच सगळ्यात अवघड जातं.

दुखण्यावरचं औषध जे मेडिकलमध्ये मिळत नाही

सलाईन आणि ऑक्सिजनवर पैसा खर्च होत असताना, ज्या औषधाचा उपयोग पक्का माहीत आहे ते मात्र पेशंटपर्यंत पोचत नाही. ते म्हणजे मॉर्फिनची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली: आधी साधी पेनकिलर, मग मधली, मग मॉर्फिन.

मधल्या पायरीवर पेशंटला किती दिवस अडकवून ठेवायचं, हेही तपासलं गेलं. इटलीत २४० कॅन्सर पेशंटवर २८ दिवसांची चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मध्यम दुखणं असलेल्या अर्ध्या पेशंटना ट्रामाडॉलसारखी हलकी औषधं दिली, अर्ध्यांना सुरुवातीपासून थोड्या प्रमाणात मॉर्फिन. मॉर्फिनवाल्यांत १०० पैकी ८८ जणांचं दुखणं ठरलेल्या प्रमाणात कमी झालं, दुसऱ्या गटात ५८ जणांचं. सलाईनच्या चाचणीतला अर्धा मार्क आणि हा फरक शेजारी ठेवून बघा.

मॉर्फिन अफूच्या बोंडाच्या चिकापासून निघतं. आपल्याच देशात मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात शेतकरी सरकारी परवान्यानं अफू पिकवतात आणि तो चीक सरकार विकत घेतं. त्यातला माल परदेशातही जातो. आणि इथं खाटेवरचा माणूस रात्रभर कण्हतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं कागदपत्रं इतकी वाढली की दवाखान्यांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यता घेतलेल्या रुग्णालयांना मॉर्फिन ठेवता येतं, देता येतं. तरी गावच्या मेडिकलमध्ये ते बहुधा मिळत नाही. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज किंवा कॅन्सर रुग्णालयातूनच आणावं लागतं.

याची गोळी घड्याळ लावून द्यायची असते. साध्या गोळीचा असर चार तासांच्या आसपास राहतो. दुखायला लागल्यावर देऊ म्हणून थांबलं की दुखणं पुढं पळतं आणि गोळी मागं राहते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा मोबाईलमध्ये अलार्म लावून पाळाव्यात. शौचाला घट्ट होतं, म्हणून सोबत पोट साफ ठेवायचं औषध लागतंच, ते नसेल तर मागून घ्यावं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येते. पेशंटला नशेची सवय लागेल ही भीती दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याच्या बाबतीत धरू नये. पण गोळ्या कुलपात ठेवाव्यात, घरात लेकरं असतात. एकदम बंदही करू नये.

तोंड ओलं, पोट नाही

तहानेचा प्रश्न उरतोच. "पाणी मागतोय आणि आपण देत नाही" हे घरच्यांना सहन होत नाही. शेवटच्या दिवसांत जी तहान वाटते ती बऱ्याचदा तोंड कोरडं पडल्याची असते. तोंड उघडं ठेवून श्वास, त्यात औषधांनी लाळ कमी. १९९४ मध्ये अमेरिकेत शेवटच्या अवस्थेतल्या ३२ पेशंटची एक नोंद प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या बहुतेकांना भूक लागतच नव्हती, आणि कोरडेपणा बर्फाच्या चुऱ्यानं, दोन घोट पाण्यानं, ओठ ओले ठेवल्यानं भागत होता.

घरी हे असं करता येतं. स्वच्छ सुती कापड किंवा कापूस पाण्यात बुडवून, पिळून, दर तासा-दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ पुसून घ्यायची. ओठांना साधं तूप किंवा व्हॅसलीन. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर मान थोडी वर करून चमच्यानं पाणी, ताक, पेज, जे मागेल ते, जेवढं मागेल तेवढं. बर्फाचा छोटा तुकडा कापडात गुंडाळून चोखायला देता येतो. तोंडात पांढरे थर आले असतील तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, त्याला औषध आहे, सिस्टरना दाखवावं.

शुद्ध हरपल्यावर मात्र चमच्यानं पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जातं. तुळशीपत्रावरून तोंडात पाणी घालायची आपली रीत आहे, ती थेंबाथेंबानं, ओठ-जीभ ओली होण्यापुरतीच ठेवावी. घरातल्या प्रत्येकाला हे काम पाळीपाळीनं करता येतं, नातवंडांनासुद्धा. ओट्यावर बसून सल्ला देणाऱ्या पाव्हण्याच्या हातातही एक ओला कापूस देता येतो.

इलाज संपल्यावर नाही, आधीपासून

या सगळ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्याकडं ती 'काही उरलं नाही' म्हटल्यावर आठवते. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच कळलेल्या १५१ जणांवर चाचणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. अर्ध्यांना केमोबरोबरच पहिल्यापासून ही सेवा दिली. त्यांचे दिवस चांगले गेले, उदासी कमी राहिली, शेवटी शेवटी जोरकस इलाज कमी होऊनही ते सरासरी ११.६ महिने जगले. नुसता नेहमीचा इलाज घेणारे ८.९ महिने. इथं हा फरक गणिताच्या कसोटीवर उतरला, वरच्या २१ आणि १५ दिवसांसारखा नशिबाचा नव्हता.

घरी जाऊन सेवा देणं आपल्या देशात जमतं का, तर केरळात जमलंय. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी सुरुवात केली, पुढं गावोगावचे स्वयंसेवक जोडले गेले, २००८ मध्ये राज्य सरकारनं धोरण केलं. तिथं ग्रामपंचायतीच्या पुढाकारानं नर्स घरोघर जाते. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा रुग्णालयात या सेवेचा वेगळा विभाग आहे, पुण्यात वारजे इथं १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. गावपातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणजे आपलं उपकेंद्र. तिथं द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा कागदावर धरलेली आहे. कागदावरची सेवा दारात यायची तर ग्रामसभेत कोणी तरी तिचं नाव घ्यावं लागेल.

कोणी "ट्रायलमध्ये घेतो" म्हटलं तर

वरच्या सगळ्या चाचण्या कोणाच्या तरी शेवटच्या दिवसांतून उभ्या राहिल्या. ज्यांनी होकार दिला त्यांना स्वतःला फार काही मिळणार नव्हतं, पुढच्यांना मिळालं. आपल्याकडंही मोठ्या रुग्णालयांत अशा चाचण्यांसाठी विचारणा होते, आणि 'आपल्यावर प्रयोग करतायत' म्हणून लोक घाबरतात. दुसऱ्या बाजूला 'नवीन औषध, टेस्टिंग चालू आहे' असं सांगून पुड्या विकणारेही फिरतात. दोन्ही ओळखता यायला पाहिजेत.

खऱ्या चाचणीला नैतिक समितीची परवानगी असते. औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, तिचा नंबर मागता येतो आणि मोबाईलवर बघता येतो. माहितीपत्रक पेशंटला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, द्यावं लागतं आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी मिळते. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असताना वाचून दाखवावं लागतं, मगच अंगठा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळं नेहमीचा इलाज थांबत नाही. नवीन औषधाच्या चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणीच्या औषधासाठी उलट पेशंटकडंच कोणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावं.

मॉर्फिनसाठी किंवा सल्ल्यासाठी जिल्ह्याला जाताना दरवेळी पेशंटला गाडीत घालून न्यायची गरज नसते, पण आधी फोन करून विचारून घ्यावं. डिस्चार्ज कार्ड, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटं, पेशंटचं आणि नेणाऱ्याचं आधार कार्ड सोबत लागतं. एका वहीत चार-पाच दिवस लिहून न्यावं: कधी दुखलं, दहापैकी किती, झोप किती झाली, शौचाला कधी झाली, लघवी किती, काय खाल्लं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉलनंही डॉक्टरांशी बोलता येतं. तेव्हाही हीच वही समोर धरली की डॉक्टरांचा आणि आपला, दोघांचा वेळ वाचतो.